दाराशी चपला नसलेलं नाव

साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा, शिक्षण चौथी पास, आणि जळगावच्या विद्यापीठातल्या कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला.

हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली कुणीही मला शिकवायला येतं. परवा बँकेतून म्हणून एक फोन आला. गोड बोलत होता. मोबाइलवर आलेला आकडा सांगा म्हणाला. मी त्याला विचारलं, "तू कोण ते तू सांगितलंस. पण तू तोच कशावरून?" पलीकडून फोन कट. सून कौतुकानं म्हणाली, "आबा, तुम्हाला बरं हे सगळं ठाऊक!" मला रागच आला. ठाऊक म्हणजे काय? हा विषय मी विद्यापीठात शिकलो आहे. स्टुलावर बसून, दाराच्या बाहेरून शिकलो, ही गोष्ट वेगळी. वर्गातल्या निम्म्या पोरांपेक्षा जास्त ऐकलं, कारण मला झोप काढायला बाक नव्हता.

आज हे लिहायला बसलो त्याला कारण कडुनिंब. असोद्याच्या आमच्या घरासमोर एक झाड आहे. परीक्षेचे दिवस आले की त्याचा मोहोर झडतो, ओट्यावर बारीक पांढरा भुगा पडतो, आणि त्याचा कडू-गोड वास नाकात गेला की मी असोद्यात राहत नाही. मी त्या व्हरांड्यात जाऊन बसतो.

खान्देशातला उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना एक गोष्ट समजायची नाही. आमच्याकडे भीतीची वेळ दुपारची असते. बाराच्या पुढे रस्ते मोकळे पडतात. कुत्री गटारीत शिरतात. केळीच्या बागांची पानं उभी फाटतात आणि त्यांचा फडफड आवाज लांबून टाळ्यांसारखा येतो, म्हणजे कुणीतरी एकटंच टाळ्या वाजवतंय असं वाटतं. डांबर हलताना दिसतं. त्या हलणाऱ्या हवेत लांबून एखादं माणूस येताना दिसतं, आणि बराच वेळ येतच राहतं, पोचत नाही. जवळ येईतो ते माणूस नसतंच, वाळलेलं झुडूप असतं. रात्री निदान सगळं सारखंच काळं असतं. दुपारी सगळं लख्ख दिसतं आणि तरी कुणी नसतं.

अशा दुपारी मी व्हरांड्यात ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसायचो. मागं बंद दार. दाराच्या आत थंडगार खोली.

त्या खोलीचा थाट काय सांगू. साऱ्या विद्यापीठात कुलगुरूंच्या नंतर एसी कुणाला असेल तर त्या मशीनला. एक मोठं मशीन आणि त्याला जोडलेले आठ पडदे. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या, मग तो कुणी का असेना. दाराशी लाकडी रॅक होता. मला आत काय चालतं ते दिसायचं नाही, पण चपला मोजल्या की आत किती माणसं ते बरोबर कळायचं. कुणाची कुठली चप्पल तेही पाठ. टाच झिजलेली, अंगठा तुटलेली, लाल पट्ट्याची. आणि कुणी दार अर्धवट सोडलं की मी ओरडायचो, "दार लावा! गार हवा जाते!" पोरं माझी नक्कल करायची. करा म्हणावं. तोवर ते दार मी पाच मिनिटं कधी उघडं राहू दिलं नव्हतं.

रॅकच्या तिसऱ्या कप्प्यात एक निळ्या सपातांची जोडी होती. ती देवरे सरांची. आतली फरशी पायाला गार लागते म्हणून त्यांनी खास आत घालायला ठेवलेली. देवरे सर धुळ्याचे. बायको, आईवडील सगळे तिकडे. हे इथं खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारी एसटीनं धुळ्याला जायचे. ते मशीन त्यांनीच बसवलेलं. सुटीच्या दिवशी काही बिघडलं तर धुळ्याहून बघता यावं म्हणून विद्यापीठानं त्यांच्या घरी एक कॉम्प्युटर दिला होता, आणि इथं मशीनशेजारी फोनला एक छोटी पेटी जोडली होती. धुळ्याहून फोन लागला की इथं एकदाच घंटी वाजायची, मग पेटी पोपटासारखी कर्कश किंचाळायची, आणि किंचाळणं थांबलं की सर आत आले असं समजायचं. मला पहिल्यांदा ऐकून घाम फुटला होता. सर हसले. म्हणाले, "सुकलालभाऊ, मी तारेवरून येतो. त्यामुळे चपला काढायचा प्रश्न नाही."

हे बोलल्याला वर्ष झालं नसेल, सर गेले. एप्रिल सरता सरता, एरंडोलच्या पुढे, मोटरसायकलवर, भर दुपारी. त्या शनिवारी एसटी चुकली होती म्हणून.

त्यांच्या जागी सोनवणे मॅडम आल्या. वय तीसच्या आत, आवाज बारीक, पण बोलणं असं की अक्षर खाली पडायचं नाही. त्यांनी एक नवीन विषय सुरू केला. मशीनमधली माहिती कशी सांभाळायची, हा. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "सुकलालभाऊ, दार लोटून घ्या, लावू नका. तुम्हीही ऐका. या खोलीचे पहिले राखणदार तुम्ही." मला कुणी राखणदार म्हटलं नव्हतं तोवर. शिपाई म्हणायचे. गार हवा त्या फटीतून गेली तर गेली, मी स्टूल सरकवून बसलो.

त्यांनी सांगितलं, माहितीचं नुकसान तीन रीतींनी होतं. ज्यानं वाचू नये त्यानं वाचली. कुणी गुपचूप बदलली. किंवा गरजेला हाताशीच आली नाही. पोरं वहीत लिहीत होती, मी माझ्या माठाकडं पाहत होतो. माठावर झाकण असावं, माठात कुणी काही टाकू नये, आणि तहान लागली की पाणी असावं. एवढंच तर आहे. मग पुढच्या तासाला म्हणाल्या, नाव सांगणं वेगळं आणि तो तूच हे पटवणं वेगळं. नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पासवर्ड एकट्याला. आणि कोण आलं, कुठून आलं, कधी आलं, हे मशीननं स्वतः लिहून ठेवायचं, आणि त्या लिहिल्याला कुणी हात लावायचा नाही. चूक दिसली तरी नाही. नकोसं दिसलं तरी नाही.

त्यासाठी मशीनला एक प्रिंटर जोडला होता. कुणी आत आलं की कर्र करून एक ओळ. नाव, कुठून, वेळ. कागदाच्या दोन्ही कडांना भोकं होती, लांबच लांब कागद. संध्याकाळी तो फाडून घडी करून फाइलला लावणं माझं काम. मला इंग्रजी येत नाही, आजही येत नाही, त्याची लाज नाही. पण नावांचे आकार मी ओळखायला शिकलो, चपला ओळखतो तसे. देवरे हे नाव इंग्रजीत सहा अक्षरांचं. पहिलं पोट फुगलेलं, मग कंगवा, मग पाणी ओतायचं नरसाळं, मग तंबू, मग एक पाय पुढं टाकलेला माणूस, आणि शेवटी पुन्हा कंगवा.

आता माझी चूक. ती मी कुणावर ढकलत नाही.

मॅडमनी वर्गात सांगितलं होतं की माणूस सोडून गेला की त्याचं नाव त्याच दिवशी मशीनमधून काढायचं. दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. त्या रुजू झाल्या तेव्हा त्यांना यादीत देवरे सरांचं नाव दिसलं. त्या काढायलाच बसल्या होत्या. मी दारात उभा होतो. मी म्हटलं, "मॅडम, वर्ष तरी होऊ द्या."

"का हो?"

"आमच्याकडे गेलेल्याचं काही हलवत नाहीत वर्षाच्या आत. त्याच्या घरून उसनं दिलेलं भांडंसुद्धा मागत नाहीत. धुळ्याचा तो कॉम्प्युटर आणायला तरी कोण गेलं? नाव कुणाचं काय खातंय?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, मग रॅकमधल्या निळ्या सपातांकडं. मी रोज त्यांच्यावरची धूळ पुसायचो. त्यांचा हात थांबला. "ठीक आहे भाऊ," म्हणाल्या. "वर्ष." शिकवत होत्या त्याच्या उलट त्यांनी माझ्या शब्दाखातर केलं. मला त्या दिवशी मोठा अभिमान वाटला होता, खोटं कशाला सांगू.

मग ती दुपार आली. परीक्षा तोंडावर, सकाळचं कॉलेज, बारा वाजता खोली रिकामी. रॅकमध्ये निळ्या सपाता सोडल्या तर एक चप्पल नाही. कुलूप मी स्वतः लावलं, ओढून पाहिलं. स्टुलावर बसलो. एसीचं पाणी बादलीत टप टप पडत होतं. दोनचा सुमार असेल. आत घंटी वाजली. एकदा. मग ते किंचाळणं.

वर्षभरात मी ते विसरलो होतो. अंगावरचं फडकं ओलं होतं तरी मानेवर काटा आला. किंचाळणं थांबलं. आणि बंद खोलीत प्रिंटर चालला. कर्र.

कुलूप उघडायला मला किती वेळ लागला ते आठवत नाही. आत कुणी नव्हतं. आठही पडदे काळे. बाहेरच्या भट्टीतून आल्यावर तिथली थंडी अंगाला चिकटल्यासारखी वाटली. प्रिंटरमधून कागद बोटभर पुढं आला होता. पोट, कंगवा, नरसाळं, तंबू, पाय टाकलेला माणूस, कंगवा.

मी मागं वळून रॅककडं पाहिलं. सपाता जागच्या जागी होत्या, तोंडं आतल्या बाजूला, घालून आत जायच्या असाव्यात तशी.

पुढच्या दीड आठवड्यात ते नाव बऱ्याचदा आलं. बहुतेक दोनच्या सुमाराला. दोन-चार मिनिटं थांबायचं आणि जायचं. मॅडमनी कागद पाहिला. त्यांचा चेहरा उतरला, पण घाबरलेला नव्हता. "फोनवरून कुणीतरी येतंय," म्हणाल्या. "नंबर काय, कुणालाही मिळेल. पण सरांचा पासवर्ड सरांशिवाय कुणालाच माहीत नाही. तो कुठं लिहिलेलाही नाही." सरांच्या घरून असेल का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "वहिनींना इंग्रजी येत नाही, भाऊ. म्हाताऱ्यांना तर नाहीच."

बातमी फिरायला कितीसा वेळ. बागेतला माळी धनसिंग, माझ्यासारखाच मूळचा साक्रीकडचा, पाण्याचा पाइप ओढत येता-जाता, आज सर आले होते का म्हणून, आमच्या बोलीत टोमणा मारायचा. "काय भो सुकलाल, आज तुन्हा सर उना व्हता का? चहा दिधा का त्याले?"

मी म्हणायचो, "तुन्हाच कपमा दिधा. धुई ले."

हसायचो. पण तो गेल्यावर स्टूल दारापासून हातभर लांब सरकवायचो. कुणी भूत म्हटलं की मी भांडायचो. भुताला पासवर्ड कशाला लागेल? भिंतीतून येणारा माणूस फोन लावून, घंटी वाजवून, नाव लिहून कशाला येईल? हा माझा मुद्दा होता. मग संध्याकाळी सायकलवरून असोद्याला जाताना वाटायचं, देवरे सर मात्र असेच आले असते. रीतीनं.

विभागप्रमुख साहेबांना भुताशी देणंघेणं नव्हतं. त्या मशीनवर वार्षिक परीक्षेचा पेपर टाइप केलेला होता. मॅडमनी तो लगेच फ्लॉपीवर काढून घेतला, पण साहेबांचा प्रश्न होता की आधीच कुणी वाचला असेल तर? जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांच्या पोरांचा तो पेपर. सोमवारी वर कळवावं लागेल म्हणाले. आणि मग माझ्याकडं वळले. "बंद खोलीत चाललंय ना हे? किल्ली कुणाकडे असते?"

सगळे माझ्या कमरेकडं बघायला लागले. चोवीस तास जिथं हात जातो तिथं लोकांची नजर गेली की कसं वाटतं ते सांगता येत नाही.

मॅडम म्हणाल्या, "सर, हे फोनवरून होतंय. किल्लीचा संबंध नाही."

"फोनचा नंबर किल्लीवाल्यानंच दिला नसेल कशावरून? सुकलाल, किल्ली टेबलावर ठेवा."

"चोर सापडल्यावर ठेवीन," मी म्हणालो.

सोनवणे मॅडमनी डोळे मिटले. साहेब म्हणाले, "शनिवार संध्याकाळपर्यंत. तोवर फोनची तार काढायची नाही, नाव काढायचं नाही, चोर सावध होईल. शनिवारी कोण ते कळलं नाही तर तुम्हीही घरी आणि या मॅडमही. नाव ठेवलं कुणी यादीत, हेही मला कळलं पाहिजे."

मी त्या वेळी बोललो नाही. मॅडमही बोलल्या नाहीत. माझं नाव त्यांनी सांगितलं असतं तर त्या सुटल्या असत्या. त्यांनी सांगितलं नाही.

गुरुवारी आणि शुक्रवारी मॅडम दुसऱ्या कॉलेजात परीक्षेच्या कामावर होत्या. मी एकटाच होतो. दोन्ही दिवस असा गरम वारा होता की निंबाचा मोहोर आडवा उडत होता, व्हरांड्यात खडीसाखरेसारखा पसरला होता. गुरुवारी दोन वाजता प्रिंटर चालला. घंटी ऐकू आली नाही. किंचाळणंही नाही. म्हटलं, वाऱ्यात ऐकू आलं नसेल. शुक्रवारी मी दाराला कान लावून बसलो. दार गार होतं. आत काहीच नव्हतं, एसीची घरघर, बस. आणि मग एकदम, कानाशीच, कर्र.

कागद पाहिला. नाव होतं. वेळ होती. मधला, कुठून आला तो खाना दोन्ही दिवशी कोरा. रोज तिथं फोनची खूण असायची. रिबन वाळली असेल, असं म्हणून मी दोन्ही पानं घडी घालून खिशात ठेवली.

शनिवारी सकाळच्या एसटीनं धुळ्याला निघालो. मॅडम नको म्हणत होत्या. पण त्या घरी जाऊन विचारायचं धाडस शिकलेल्या माणसाला होत नाही, अडाण्याला होतं. एरंडोल मागं पडलं तसा मी खिडकीतून बाहेर बघायचं टाळलं. तरी दिसलंच. एका बाभळीखाली कुणीतरी दगडाला शेंदूर लावून ठेवला होता. गाडीतल्या एका बाईनं हात जोडले. तिला कुणाला जोडतोय ते माहीत नसावं.

धुळ्याच्या जुन्या वस्तीत घर होतं. सरांचे आईवडील जेवून आडवे झालेले. वहिनींनी दार उघडलं. बत्तीस-तेहेतीसच्या असतील. मला पाहून त्यांच्या तोंडाचा रंगच उडाला. "या भाऊ, बठा," म्हणाल्या, आणि लगेच, "मशीन लेवाले उनात का? वरीस भराले अजून एक दिन शे."

मशीन न्यायला आलात का, वर्षाला अजून एक दिवस बाकी आहे; इतके नेमके दिवस त्या मशीनसाठी मोजत होत्या, त्या एका वाक्यात मला चोर सापडला. पुढं विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं. "वहिनी, तुम्ही जळगावला येता का, दुपारी?"

त्या रडल्या नाहीत. मला पाणी दिलं आणि आतल्या खोलीत घेऊन गेल्या. कॉम्प्युटरवर विणलेला रुमाल झाकला होता. रुमाल काढून त्या खुर्चीवर बसल्या. पडदा काळाच होता. त्या काळ्या पडद्यासमोर त्यांनी बोटं ठेवली आणि बटणं दाबली. मी पाहत राहिलो. ती बोटं त्यांची नव्हती. बायका रांगोळीचे ठिपके देतात तशी जातील असं मला वाटलं होतं. पण एक बोट थोडं थांबायचं, मग दोन बटणं झटकन, मग अंगठा आपटायचा. देवरे सर असंच टाइप करायचे. मी वर्षानुवर्षं दारातून पाहिलेलं होतं. पाठमोरी बाई आणि बोटं सरांची. बाहेर दुपार जळत होती आणि त्या खोलीत मला थंडी वाजली.

"शब्द काय आहे तो?" मी विचारलं.

"माले शबद म्हाईत नही, भाऊ," त्या म्हणाल्या. "माले त्यासना बोटं म्हाईत शेत."

शनिवार-रविवार सर इथं बसून काम करायचे तेव्हा त्या शेजारी भाजी निवडत बसायच्या. बघून बघून बोटांची वाट पाठ झाली. वर्ष भरत आलं, हा कॉम्प्युटर आता विद्यापीठ घेऊन जाणार, हे मनात आलं आणि एका दुपारी हात आपोआप गेले. पासवर्ड म्हणजे फक्त डोक्यात ठेवायची गोष्ट, असं मॅडम शिकवायच्या. तो माणसाच्या बोटांतून शेजारच्या माणसाच्या डोळ्यांत जातो, हे त्यांच्या पुस्तकात नसावं.

"पण आत येऊन करता काय?"

सरांनी मशीनला सांगून ठेवलं होतं की मी आत आलो की दोन वाक्यं दाखव. फक्त त्यांच्या नावाला दिसायची, आम्हा कुणाला ठाऊक नव्हती. इंग्रजी अक्षरांत, पण आपल्या बोलीत; सरांनी एकदा वाचून दाखवल्यामुळे वहिनींना ती ओळखू यायची. उनात का? पानी लेवा. आलात का, पाणी घ्या, एवढंच.

"हाई तं मन्हंच बोलनं शे, भाऊ," वहिनी म्हणाल्या. शनिवारी सर एसटीतून उतरून घरात पाय टाकायचे तेव्हा त्या हेच म्हणायच्या. जळगावच्या एकट्या खोलीत रोज कुणीतरी हे म्हणावं म्हणून सरांनी ते मशीनच्या तोंडी घातलं होतं. "बठ्ठं गयं. हाई तेवढं राहिनं. ते वाची लेस ना बंद करी देस." सगळं गेलं, एवढंच उरलं; ते वाचायच्या आणि बंद करायच्या.

मी म्हटलं, आज दाखवा मला.

त्यांनी फोनचा रिसीव्हर उचलून माझ्या कानाला लावला. आत काहीच नव्हतं. मुंगीचासुद्धा आवाज नाही. "बुधवारपासून बंद पडेल शे. वारामा खांब पडना गल्लीना."

रिसीव्हर मी बराच वेळ कानाला धरून ठेवला. खिशातली दोन पानं छातीला लागत होती. गुरुवारचं आणि शुक्रवारचं.

मी त्यांना काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो? तुम्ही आला नाहीत त्या दिवशीही कुणीतरी आलं, आणि कुठून ते लिहिलं नाही, हे? त्या बाईला त्यातून काय मिळालं असतं, मला आजही ठरवता येत नाही. कधी वाटतं, सांगायला हवं होतं, तिला बरं वाटलं असतं. कधी वाटतं, मग तिनं ते घर कधी सोडलंच नसतं. मी पाणी प्यायलो, उठलो. दारापाशी म्हटलं, "वहिनी, उद्या नाव काढतो आम्ही." त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला. "वरीस भरी गयं," म्हणाल्या. "काढा."

संध्याकाळी साहेबांच्या बंगल्यावर गेलो. मॅडम आधीच येऊन ताटकळत बसल्या होत्या. मी उभ्यानंच सांगितलं, "कोण ते सापडलं. चोर नाही. पण आधी शब्द द्या, त्या घरी यातलं अक्षर जाणार नाही." साहेब चिडले, पण दिला शब्द. मग मी सगळं सांगितलं. मॅडमनी पेपरच्या फाइलीला या नावानं कधी हात लागला नव्हता, हे कागदावर काढून आणलंच होतं. साहेब शांत झाले. मग विचारलं, "नाव यादीत ठेवलं कुणी?"

मॅडम म्हणाल्या, "मी, सर."

मी कमरेची किल्ली सोडली. साहेबांच्या टेबलावर ठेवली. "मॅडम काढत होत्या. मी अडवलं. चूक माझी आहे." आयुष्यात हे तीन शब्द मी किती वेळा बोललो ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल, आणि बायकोसमोर तर एकदाही नाही.

साहेबांनी किल्ली उचलली, जरा वेळ हातात तोलली, आणि माझ्याकडं सरकवली. "उद्या रविवार आहे. सकाळी दोघं मिळून नाव काढा. किल्लीचं सोमवारी बघू." सोमवारी त्यांनी विषय काढला नाही आणि निवृत्तीपर्यंत ती माझ्याच कमरेला राहिली, पण त्या संध्याकाळी हे मला कुठं माहीत होतं.

ती दोन पानं मी घरी जाता जाता खोलीवर थांबून फाइलला लावली. फाडली नाहीत. लिहिल्याला हात लावायचा नाही, हे शिकलो होतो. कुणी विचारलं नाही, मी बोललो नाही. तीस वर्षांनी आज पहिल्यांदा सांगतो आहे. ती फाइल कुठं असेल, ठाऊक नाही. त्या प्रिंटरची शाई उन्हानं उडते म्हणतात. मधला खाना कोरा होता, आता सगळंच कोरं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी कुलूप उघडलं. मॅडमनी चपला रॅकमध्ये ठेवल्या, आत जाऊन बसल्या, काहीबाही टाइप केलं आणि हात मागं घेतला. "सुकलालभाऊ, शेवटचं बटण तुम्ही दाबा." मी कॉम्प्युटरला त्याआधी कधी बोट लावलं नव्हतं, फडकंच लावलं होतं. दाबलं. प्रिंटर एकदा कर्र झाला आणि थांबला. मी बाहेर आलो. तिसऱ्या कप्प्यातल्या निळ्या सपाता काढल्या, फडक्यानं पुसल्या, उंबऱ्याशी ठेवल्या, तोंडं बाहेरच्या बाजूला करून. मग दार सताड उघडलं. गार हवा पायांवरून व्हरांड्यात गेली, निंबाचा मोहोर जरासा हलला. आतून मॅडम म्हणाल्या, "भाऊ, दार लावायचं ना?"

"लावतो," मी म्हणालो. "जरा थांबा." आणि दार धरून बाजूला उभा राहिलो, शनिवारी सर धुळ्याची गाडी पकडायला निघायचे तेव्हा राहायचो तसा.